काळोखाचा आकडा

गणपती पाण्यात गेले की घराला आळस येतो. गणपतीवर टांगलेल्या माटवीची कवंडळं, तेरडा, आंब्याचे टाळ, सगळं उतरवून झालेलं असतं. नुसती लाकडी चौकट छताला लटकत राहते आणि तिच्याखालून जाताना उगीच मान वर होते. मुंबईची मंडळी नारळ आणि खाज्याचे पुडे घेऊन गेलेली असतात. जादा गाद्या माळ्यावर चढतात. पाऊस असतो, पण कामावरून सुटलेल्या माणसासारखा, वाटेत थांबत, इकडेतिकडे डोकावत. भात पसवलेलं असतं. बांधावरून गेलं तर कोवळ्या दुधाचा वास नाकाला लागतो. श्रावण झाला, चतुर्थी झाली, घट अजून बसायचे आहेत. म्हाळाचे, पितरांचे दिवस म्हणतात लोक, पण तेवढ्याने हे दिवस सांगून होत नाहीत.

आज दुपारी वीज गेली. सर खिडकीतून आत येऊ लागली म्हणून फळी ओढून घेतली, तर खोलीत चांगलाच काळोख झाला. मी पलंगावर बसून राहिले. थोड्या वेळाने बघते तर माझी बोटं चादरीवर काहीतरी चाचपतायत. उजव्या हाताचा अंगठा कसली तरी रिकामी जागा शोधतोय. माझं मलाच हसू आलं. काम सोडून वर्षं झाली, पण हाताला अजून वाटतं की दुपार आहे, काळोख आहे, म्हणजे आपण कामावरच आहोत.

कामावर म्हणजे वृंदाच्या खोलीत. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही.

वृंदा पिंगुळीची. वडील शाळेत मास्तर. मुलगी पुण्याला शिकली, बंगळुरूला मोठ्या कंपनीत लागली आणि एक दिवस सगळं सामान घेऊन परत आली. कुडाळच्या एमआयडीसीत तिने पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली. आमच्या वाडीतली माणसं मला विचारायची, "वृंदान धंदो कसलो काढल्यान गो?" आणि ते समजावता समजावता माझ्या नाकी नऊ यायचे.

आता तुम्हालाही समजावते. घाबरू नका, मला कळलं ते तुम्हाला कळेलच. मी सातवीपर्यंत शाळेत गेले. त्यापुढचं वाणसामानाच्या पुड्या सोडल्यावर जो कागद हाताला लागेल तो वाचून शिकले. तर इस्पितळात एक मोठं मशीन असतं. रोग्याला आधी एक औषध टोचतात. ते अंगात फिरून दुखण्याच्या जागी साठतं आणि तिथून किरण बाहेर येतात. गॅमा किरण. हाडामांसातून आरपार येतात, पण आपल्याला दिसत नाहीत. मशीनमध्ये एका खास स्फटिकाची लादी बसवलेली असते. किरण तिच्यावर आपटला की एवढीशी ठिणगी उडते. तीसुद्धा आपल्या डोळ्याला दिसत नाही. ती बघायला लादीच्या मागे काचेच्या नळ्या दाटीने उभ्या केलेल्या असतात, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारख्या. आपला घरातला दिवा वीज घेतो आणि उजेड देतो; ही नळी उजेड घेते आणि वीज देते. उलटा दिवा म्हणा. कुठल्या नळीला किती ठिणग्या दिसल्या यावरून मशीन चित्र काढतं आणि डॉक्टरांना कळतं, अमुक जागी गाठ आहे, तमुक जागी हृदयाला रक्त पोचत नाही.

जुन्या मशीनमधून काढलेल्या या नळ्या आमच्याकडे यायच्या. त्यातल्या कुठल्या अजून कामाच्या आहेत ते तपासायचं, एवढाच धंदा. आम्ही त्यांना डोळे म्हणायचो. "आज किती डोळे झाले गो?" असं एसटीत एकमेकींना विचारायचो, तेव्हा पुढच्या सीटवरची माणसं मागे वळून बघायची.

मला कामावर घेतलं त्याची गंमत सांगते. वृंदाने आम्हा बायकांना त्या बिनखिडकीच्या खोलीत बसवलं, दिवा मालवला आणि स्वतः बाहेर गेली. कोणी रामरक्षा म्हणायला लागली. एक जण भिंत चाचपत दाराशी गेली आणि तशीच घरी गेली. वृंदाने परत येऊन दिवा लावला तेव्हा सुलभा, हेमा आणि मी, त्याआधी एकमेकींना कधी न भेटलेल्या तिघी, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात खोबरं भाजून घालावं की कच्चं यावरून भांडत होतो. वृंदा म्हणाली, "तुम्ही तिघी उद्यापासून या."

सुलभा माहेरची रेडीची. वयाने माझ्याहून धाकटी, तोंडाने थोरली. हेमा कसालची, अबोल. विनोद झाला की आमचं हसून व्हायचं, आम्ही पुढच्या विषयावर जायचो, आणि मग हेमाचं हसू यायचं. या कामाआधी आम्ही तिघीही काजूच्या कारखान्यात होतो, वेगवेगळ्या. काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं घेऊन आम्ही त्या काळोखात शिरलो. तिथे बोटांचा रंग कोण बघतो म्हणा.

एक गोष्ट वृंदाने आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली होती, आणि ती सांगितली याचं मला अजून कौतुक वाटतं. बंगळुरूच्या कंपनीने तिची जागा दसऱ्यापर्यंत राखून ठेवली होती. गणपतीनंतर मुंबईहून नळ्यांची पहिली खरी खेप येणार होती. ती तपासून दिली, तिथल्या माणसाने पडताळून पाहिली आणि बरोबर निघाली, तर काम कायमचं मिळणार आणि वृंदा इथेच राहणार. नाहीतर शेडला कुलूप, ती बंगळुरूला, आम्ही परत काजूत. "मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही," म्हणाली. आम्ही मान डोलावली. खोलीत काळोख होता, तिला काही दिसलं नाही, म्हणून सुलभा मोठ्याने म्हणाली, "बाय, आम्ही मान हलवली हां."

त्या काळोखाची सवय व्हायला वेळ लागला नाही. सुरुवातीला आम्ही डोळे ताणून बघायचो, जसं काही जास्त ताणले तर दिसेलच. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं. मग हेमाने डोळे मिटून काम करायला सुरुवात केली. तिचं बघून, बघून म्हणजे ऐकून, आम्हीही मिटले. आणि काय सांगू, जीव एकदम निवला. डोळे मिटलेले, हात चालू. नळीच्या बुडाला पिनांची गोल ओळ असते, तिच्यात एक जागा रिकामी. अंगठ्याने ती रिकामी जागा शोधायची, खालच्या खाचेशी जुळवायची आणि अलगद दाबायची. काच थंड असायची. खोलीत एसी लावलेला, कारण नळ्यांना उकाडा सोसत नाही. आमच्या उभ्या आयुष्यात आम्ही एसीत बसलो ते या नळ्यांच्या पुण्याईने.

नियम पुष्कळ. मोबाइल बाहेर. रेडियमचे काटे असलेलं हेमाचं घड्याळ बाहेर. सुलभाच्या किल्ल्यांच्या साखळीला रात्री चमकणारा गणपती होता, तोही बाहेर. "देवाक पायरेर बसवून इलंय," म्हणायची. नळीत वीज सोडली असताना दार उघडायचं नाही म्हणजे नाही. भसकन उजेड आत आला तर डोळा कायमचा जातो. आणि बाहेरून आलेली नळी लगेच तपासायला घ्यायची नाही. उजेडात राहिलेली नळी वेड्यासारखे आकडे देते. तिला आधी काळोखात पडून राहू द्यायचं. "काकी, तिला उजेड विसरू दे," वृंदा मला सांगायची. माहेराहून आलेल्या सुनेलाही एवढी सवड द्यायला हवी, असं माझ्या मनात यायचं.

मग परीक्षा. आधी एका बारीक दिव्याने चिमूटभर उजेड द्यायचा, नळीला तो नीट दिसला का ते पाहायचं. मग तो दिवाही बंद. आता काही म्हणजे काहीच नाही, नुसता काळोख. अशा वेळी नळी काय म्हणते? तिने जवळजवळ गप्प राहायला हवं. वृंदा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायची, भिंतीतल्या भोकातून वायर तिच्याकडे गेलेली. तिथे जो आकडा यायचा त्याला आम्ही काळोखाचा आकडा म्हणायचो. कमी आला की वृंदा भिंतीपलीकडून ओरडायची, "शहाणा!" जास्त आला की नुसतं "हं." अगदी शून्य कधीच यायचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काळोखात बसलेलं माणूस तरी मनातून गप्प असतं का काकी? तेवढं चालतं."

आम्ही तर मनातून काय, तोंडानेही गप्प नसायचो. बोलण्याने उजेड होत नाही, त्यामुळे बोलायला बंदी नव्हती. आणि काळोखातलं बोलणं वेगळंच असतं बरं का. समोरचीचं तोंड दिसत नाही, आपलंही तिला दिसत नाही, मग आतलं बाहेर यायला वाट मिळते. हेमाचा मुलगा बारावीला बसून घरातून न सांगता निघून गेला होता, पुढे परत आला, पण ते दिवस तिने कसे काढले हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या खोलीत सांगितलं. एक नळी बसवून दुसरी घेईपर्यंत एक वाक्य, असं करत करत. सुलभाने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सगळं सांगून झाल्यावर भिंतीपलीकडून आवाज आला, "शहाणा!" आणि आम्ही तिघी हसत सुटलो. डोळे पुसले असतील तर ते कुणाला दिसायला नकोत, ती सोयही होतीच.

मागच्या वर्षी हेमाच्या सासूला तपासणीसाठी गोव्याला नेलं होतं. मशीनवर झोपवताना म्हातारी घाबरली. हेमा तिचा हात धरून उभी होती. तिने तिथल्या मुलाला विचारलं, "हेच्यात डोळे किती आसत?" त्याला काही कळेना. मग हिने आपल्या कामाचं सांगितलं, तर त्याने हसून तिला मशीनला हात लावू दिला. हेमाने त्या थंड पत्र्यावरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. सासू झोपल्या जागेवरून म्हणते, "काय गो, वळखीचा आसा काय तुझ्या?" "होय आये, घरचाच." मग म्हातारी गप्प पडून राहिली. हेमाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. काळोखात नसलेला उजेड दाखवणारी एखादी नळी आमच्या हातून सुटली असती, तर कुणाच्या तरी सासूच्या अंगात नसलेली गाठ दिसली असती, किंवा असलेली झाकली गेली असती. त्या कामाला लागल्यापासून मी 'किरकोळ' हा शब्द जपून वापरते.

पण मी सांगत होते त्या वर्षीच्या मधल्या दिवसांचं.

श्रावणभर आम्ही सरावाच्या जुन्या नळ्यांवर हात बसवला. वृंदा खुशीत. शहाणा, शहाणा, शहाणा. डबे उघडले की टाकळ्याची भाजी, अळू, फणसाच्या आठळ्या, केळफूल. चतुर्थीला आठवडाभर शेड बंद. आणि मग मुंबईची खेप आली, खोक्याखोक्यांतून, प्रत्येक डोळा फोममध्ये बाळासारखा गुंडाळलेला.

गणपती गेले की आमच्याकडे जिभेला जाग येते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. श्रावणात मासळी नाही, चतुर्थीत नाही, त्याआधी पावसात होड्या बंद. एवढ्या उपासानंतर बुधवार-शुक्रवारी सकाळी मासळीवालीची स्कूटर शेडच्या गेटपाशी थांबायची तेव्हा सुलभा चप्पल न घालता धावायची. तिघींचं मिळून घ्यायची: सुंगटं, म्हणजे तुमची कोळंबी, कधी माकुलं. "धुवू नको गो, घराक जावन धुतंय, चव जाता," असं बजावून न धुताच पातळ पिशवीत बांधून आणायची. संध्याकाळपर्यंत ती ठेवायची कुठे? शेडला फ्रीज नव्हता. पत्रा तापलेला. थंड जागा एकच, आमची खोली. आमच्या पाठीमागे एसीखाली भिंतीला एक खिळा होता, त्याला पिशवी लटकायची. वासाचं म्हणाल तर आमच्या नाकांना मासळी असल्याचा वास येत नाही, नसल्याचा येतो. वृंदा आत यायची तेव्हा उलट लांब श्वास घ्यायची. "बंगळुरूला हा वास आठवायचा," म्हणायची. तिला वाटायचं, तो आमच्या साड्यांचा.

खेप सुरू झाली आणि भिंतीपलीकडचं "शहाणा" कमी होऊ लागलं. "हं." थोड्या वेळाने परत "हं." मग तेही बंद. वृंदाने आधी नळ्यांवर संशय घेतला. मग दमटपणावर. मग दाराच्या फटींवर: काळा कागद, त्यावर काळं कापड, त्यावर पट्ट्या. आम्ही तिघींनी एक अख्खा दिवस भिंतींची भोकं बुजवण्यात घालवला. भिंत नव्या नवरीसारखी लिंपली, तरी आकडा हलेना. वृंदाचा डबा तसाच परत जाऊ लागला. मास्तर एकदा तिला न्यायला आले तेव्हा आमच्याकडे बघून हळूच म्हणाले, "जेवता काय गो ती?" सुलभा म्हणाली, "जेवात मास्तरानू, डोळे सुधारले की जेवात."

आम्हीही धास्तावलो होतो. काजूचा कारखाना वाईट नव्हे, तिथेही मी बरीच वर्षं हसतखेळत काढली. पण एकदा थंड काच अंगठ्याने ओळखायला शिकल्यावर, आणि ती कुठे जाऊन काय बघणार आहे हे कळल्यावर, पुन्हा चिकात हात घालायचा म्हणजे जीवावर आलं होतं. आणि खरं सांगायचं तर आम्हाला आमच्यापेक्षा वृंदाचंच वाईट वाटत होतं. एवढी शिकलेली पोर हौसेने घरी आली आणि घरानेच तिला परत पाठवलं, असं व्हायला नको होतं.

तो शुक्रवार होता. दुपारी वृंदा आत आली. नळ्यांची वीज बंद करून आली होती, पण दिवा तिने लावला नाही. नेहमीसारखी दाराशी न थांबता आमच्यासमोर एका खोक्यावर बसली.

"बसू ना तुमच्यात जरा?"

"बस गो बाय," मी म्हटलं.

पुष्कळ वेळ नुसता एसीचा आवाज. मग म्हणाली, "काकी, मी उद्या बंगळुरूला फोन करते. येते म्हणून सांगते."

आम्ही हात थांबवले. सुलभा म्हणाली, "दसरो अजून लांब आसा मां?"

"लांब असून काय करू? मला हेच कळत नाहीये की डोळे चांगले आहेत की वाईट. सोमवारी लावला की चांगला. गुरुवारी चांगला. तोच डोळा बुधवारी बिघडतो. शुक्रवारी बिघडतो. दुपार चढते तसा जास्तच. मशीनला वार कळतात का हो काकी?"

आणि मग हेमा हसली. आमच्या आधी हसली, असं पहिल्यांदाच झालं.

"कळतत मां," ती म्हणाली. "बुधवार-शुक्रवार म्हणजे खावचे वार."

"कसले?"

"म्हावऱ्याचे गो!" सुलभा म्हणाली. "तुजा मशीन पण आमच्यासारख्या सोमवार-गुरुवार पाळता वाटता!"

आणि आम्ही हसायला लागलो, रडू येऊ नये म्हणून हसतात तशा. वृंदा हसत नव्हती हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"काकी," ती अगदी हळू म्हणाली, "तुमच्या पाठीमागे काय आहे?"

"भिंत."

"भिंतीवर?"

"एसी."

"त्याच्या खाली?"

मी डोळे उघडले. कामाच्या वेळी आम्ही कधी उघडत नसू, आणि उघडले असते तरी आमची पाठ होती तिकडे. मी वळले. सुलभा वळली. हेमा वळली.

खिळ्याला निळा उजेड टांगलेला होता.

कसा सांगू? नजर रोखून बघितलं की विझल्यासारखा व्हायचा, जरा बाजूला बघितलं की परत यायचा. थंड, निळसर हिरवा. त्यात सुंगटांच्या पाठीच्या कमानी दिसत होत्या, मिशा दिसत होत्या. पिशवीच्या टोकातून पाणी झिरपून भिंतीवर ओघळलं होतं, तर तो ओघळसुद्धा उजळला होता. इतके दिवस आम्ही त्या उजेडाकडे पाठ करून, डोळे मिटून, वाटण्याघाटण्याच्या गप्पा मारत बसलो होतो आणि समोरच्या टेबलावरच्या नळ्या बिचाऱ्या एकटक त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं होतं.

"अगो माझे बाय," सुलभा कुजबुजली. "ही तर माजी पिशवी." मग थोड्या वेळाने, "आमच्या रेडीत दर्याचा पाणी काळोखात असाच पेटता. पण सुंगटां पेटलेली मी कधी बघूक नाय."

"कशी बघशील?" वृंदा म्हणाली. "घरी नेल्यावर आपण दिवा लावूनच साफ करतो. समुद्राच्या पाण्यात बारीक जंतू असतात. मासळी न धुता, थंड जागी राहिली की ते वाढतात आणि उजेड देतात. मी हे शिकलेय, सुलभाताई. परीक्षेत लिहिलंय मी हे!"

दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही चौघी तशाच बघत राहिलो. मला वाटतं, त्या पोरीलाही तेव्हा आकड्यांचा विसर पडला होता.

मग जी धमाल झाली ती मी कितीदा सांगितली तरी माझं समाधान होत नाही. वृंदा धावत बाहेर. दार बंद. वीज सुरू. भिंतीपलीकडून आवाज, "झाका!" सुलभाने पिशवीवर काळं कापड टाकलं. "अगं उतरला! काढा!" काढलं. "चढला! झाका!" सुलभा हात वर-खाली करून दमली, मग हेमाने कापड धरलं, मग मी. "झाका! काढा! झाका!" गेटवरचा वॉचमन दारापाशी येऊन विचारू लागला, आत काय चाललंय. शेवटी वृंदाचा आवाज यायचा थांबला. आम्ही घाबरलो. वीज बंद झाल्याची खात्री करून दार उघडलं, तर ती टेबलावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बोटांना सुंगटांचा वास होता; तिने काही तक्रार केली नाही.

त्या सुंगटांचं काय केलं विचाराल. घरी नेली, पुन्हा पुन्हा धुतली, आणि कालवण केलं. माझ्या नातीने विचारलं, आजी आता पोटात उजेड पडेल का? दुसऱ्या दिवशी मी हे सुलभाला सांगितलं तर म्हणाली, "पडलो तर बरोच मां, विजेचा बिल वाचात."

खोली आम्ही साबणाने घासली, चुन्याच्या पाण्याने पुसली, परत घासली. खिळा उपटला. मासळीवालीला सांगून बर्फाची बादली गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीखाली ठेवली; त्यालाही चार सुंगटं द्यायची बोली झाली. मग बुधवारची वाट बघितली. त्या बुधवारी आम्ही तिघी काळोखात बसलो आणि एक शब्द बोललो नाही. त्या खोलीत तशी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. पहिला डोळा लावला. बारीक दिवा दिला, बंद केला. थांबलो. हेमाने माझा हात धरला. तिची बोटं नळीच्या काचेइतकी गार.

भिंतीपलीकडून, अगदी सावकाश: "शहाणा."

सगळेच शहाणे निघाले असं नाही. काही खरोखर गेलेले होते, त्यांना बाजूला ठेवलं, आणि आता आम्हाला ते छातीवर हात ठेवून सांगता येत होतं. घट बसायच्या आत खेप पुरी झाली. मुंबईचा माणूस आला, त्याने उलटसुलट करून पडताळलं, आमचे चांगले ते चांगले निघाले आणि वाईट ते वाईट. जाताना त्याने वृंदाला विचारलं की सुरुवातीचे आकडे असे का बिघडले होते, तेव्हा वृंदाने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खोलीत उजेड शिरत होता. बुजवला."

आता वीज आली आहे. बाहेर पाऊस थांबलाय, समोरच्या घरातून कढीपत्त्याच्या फोडणीचा आवाज येतोय. माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी काम सोडलं. खरं तर त्या कामाला डोळे लागतच नव्हते, पण घरचे ऐकेनात. सुलभा आणि हेमा अजून जातात. त्यांच्या हाताखाली आता नव्या मुली आहेत. आणि मी दर वर्षी या दिवसांत, भात पसवलं की, त्या एका दुपारपाशी जाऊन थांबते.

मुंबईचा माणूस गेला त्या दुपारपाशी. वृंदा शेडबाहेर काजूच्या झाडाखाली फोनवर उभी होती. बंगळुरूला बोलत होती, इंग्रजीत, मध्येच हिंदीत. आम्ही दारात डबे धुण्याचं निमित्त करून उभ्या. डबे कधीच धुऊन झाले होते. पलीकडचा माणूस पुष्कळ बोलत असावा, कारण ती नुसती ऐकत होती आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मग ती दोन-तीन वाक्यं बोलली, हसली आणि फोन ठेवून आमच्याकडे आली.

"काय सांगलंस गो त्यांका?" सुलभाला धीर धरवेना.

"विचारत होते, एवढं काय आहे तिथे, की आमची जागा सोडतेस."

"मगे?"

वृंदा आमच्याशी कामाच्या जागी नेहमी शाळेतल्यासारखं मराठी बोलायची. त्या दिवशी तिने सुलभाच्या हातातला ओला डबा घेतला, तिच्याच पदराला पुसला, आणि म्हणाली, "सांगलंय, माका हंय मासळी बरी गावता."